मास्तरांचं चारशे पाच

मास्तरांना लोक हट्टी म्हणत. म्हणोत बापडे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर सव्वादोन वर्षं काढली आहेत, आणि मी सांगते, ते हट्टी नव्हते. हट्टी माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो. मास्तर 'नाही' म्हणाले की त्याऐवजी काय काय चालेल याची यादी सांगत, आणि ती ऐकून होईपर्यंत समोरच्याला उठू देत नसत.

त्यांना चहा विचारणं हेच एक संकट होतं. डहाणू स्टेशनापासून पाच मिनिटांवर आमच्या संस्थेचं ऑफिस, खाली टपरी. शिपाई रोज अकराला दारात उभा राहून "मास्तर, चहा?" म्हणायचा. त्यावर मास्तरांचा प्रश्न ठरलेला: तुम्ही विचारताय की आणताय? विचारत असाल तर उत्तर 'होय' आहे. पण तेवढ्यावर चहा आणायचा नाही, त्यासाठी 'आणा' असं मी वेगळं सांगेन. एकदा शिपायानं वैतागून नुसत्या 'होय'वर कप आणून ठेवला, तर तो तसाच साय धरून गार झाला. मास्तरांनी बोट लावलं नाही. शिपाई मला जिन्यात म्हणाला, रिटायर झालं की एखादा स्क्रू ढिला होतोच माणसाचा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, स्टेशनातले. सगळी नोकरी रेल्वेत, त्यातली शेवटची वर्षं याच पट्ट्यातल्या एका लहानशा स्टेशनावर. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी, हा त्यांचा धर्म. अलीकडचा मास्तर घंटा वाजवून पलीकडच्याला विचारणार, लाइन मोकळी आहे का. पलीकडचा खात्री करून 'मोकळी' म्हणणार आणि फोनवर एक दोन आकडी नंबर देणार. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो छापील कागदावरून द्यायचा, दिला की त्या कागदावर खोडायचा, आणि दोघांनी आपापल्या रजिस्टरात वेळेसकट लिहायचा. नंबर मिळाला नाही म्हणजे उत्तर मिळालं नाही. विचारण्याची घंटा वेगळी, गाडी सोडल्याची वेगळी, पोचल्याची वेगळी. विचारल्यानं गाडी सुटत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला गणतीच नाही.

नोकरीत त्यांना एकदाच चार्जशीट मिळाली. कुणा बड्या अधिकाऱ्याची स्पेशल गाडी पलीकडच्या स्टेशनावर उभी, लाइन मागताहेत, आणि मास्तर देत नाहीत. रुळांवर काम करणाऱ्यांची ट्रॉली गेली होती, ती उतरवल्याचा निरोप आला नव्हता. पाऊण तास साहेब ताटकळले. शेवटी कळलं, ट्रॉली कधीच बाजूला काढली होती, निरोप द्यायलाच कुणी विसरलं होतं. चौकशीत विचारलं, लाइन मोकळी असताना तुम्ही ती अडवली, हे कबूल? मास्तर म्हणाले, लाइन मोकळी होती हे कबूल. ती मोकळी आहे हे मला ठाऊक नव्हतं. या दोन गोष्टी आहेत. इन्क्रिमेंट गेलं. हे ते आम्हाला अगदी खुशीत सांगायचे, जणू बक्षीस मिळालं होतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं दोन आकडी नंबरांचा एक कागद तयार केला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. एखादी गोष्ट पक्की झाली, दोन्हीकडून खरी झाली असं त्यांना वाटलं, की ते कागद काढून समोरच्याला एक नंबर देत आणि खोडून टाकत. लोक हसून नंबर घेत. आमच्या मॅनेजरना दोन-तीन मिळाले होते. शिपायालाही एक मिळाला होता, मुलाला शाळेत घातलं तेव्हा. मला एकही नव्हता. मी वरवर चेष्टा करायचे, पण आतून ते मला लागायचं.

आता रेल्वेतला माणूस कॉम्प्युटरवर कसा आला, ते सांगते. त्यांचा भाचा मुंबईत या धंद्यात होता. त्याच्याकडे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलावं, याच्या नियमांचा एक इंग्रजी छापील गठ्ठा पडला होता, दीडशेच्या वर पानांचा. मास्तरांनी तो सहज चाळला, आणि मग डिक्शनरी घेऊन तीन महिने वाचला. सुतळीनं शिवलेला तो गठ्ठा टेबलावर कायम असायचा. म्हणायचे, हे तर आमचंच पुस्तक आहे. इथला मागतो, तिथला देतो, आणि काय मागितलं ते आधी स्पष्ट सांगावं लागतं. मग भाच्याकडूनच प्रोग्राम लिहायला शिकले आणि आमच्या संस्थेत आले.

त्या नियमांत विनंतीच्या पद्धती दिल्या आहेत. गेट म्हणजे नुसतं दाखवा. दाखवल्यानं तिकडे काही बदलता कामा नये. हेड म्हणजे दारातूनच चौकशी, आत यायचं नाही. पोस्ट म्हणजे हे नवीन घ्या. पुट म्हणजे हे याच जागी ठेवा. डिलीट म्हणजे काढा. मास्तर हे सगळं जगायला लागले. कुणाच्या घरी जायचं तर आधी सायकलवरून जाऊन फाटकातूनच 'आहेत का?' विचारायचे आणि 'आहेत' म्हटलं की परत यायचे. ते हेड झालं. मग अर्ध्या तासानं खरोखरचे जायचे. त्यांच्या बहिणीची बोर्डीला चिकूची वाडी होती, ती मला म्हणाली होती, भाऊबीजेलासुद्धा दोन फेऱ्या मारतो गं हा.

या सगळ्यात त्यांना एकदाच कुणी गप्प केलं, ते वरोरच्या कोळणीनं. मास्तर शुद्ध शाकाहारी. तरी बाजारातून जाताना रोज तिच्या पाटीसमोर थांबून पापलेटचा भाव विचारायचे. विचारण्यानं काही बिघडत नाही हे त्यांचं तत्त्वच. महिनाभर तिनं सांगितला. मग एक दिवस कोयता खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, तू इचारतंस तवर गिऱ्हाईक पुढं जातं. इचारून इचारून माझी खोटी करतंस तू." मास्तर ऑफिसात आले आणि तासभर गठ्ठा चाळत बसले. मग म्हणाले, बाई बरोबर बोलल्या, विचारण्यानं वस्तू बदलत नाही, पण देणाऱ्याचा वेळ जातो. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी तिची माफी मागितली आणि तिला नंबर दिला. ती अजून सांगते लोकांना.

आमची संस्था पूर्वेकडच्या डोंगरपट्टीतल्या मुलींसाठी वसतिगृह चालवायची. मी त्याच वसतिगृहात राहून बारावी झालेली. आमचं गाव तलासरीच्या वर, घरी भात आणि नागली. आमच्या घरात पगार म्हणून पैसे आणणारी मी पहिली. मामाच्या घरचं स्थळ दोन वर्षं तयार होतं, आणि आई दर सुट्टीला म्हणायची, नोकरी आहे तोवर ठीक आहे. म्हणजे नोकरी गेली की त्याच आठवड्यात साखरपुडा. ते टेबल, ती खुर्ची आणि कॉम्प्युटरचा तो धुरकट पडदा, एवढंच माझ्या नि मामाच्या घराच्या मध्ये उभं होतं.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. घरी गुजराती, ऑफिसात मराठी, आणि दोन्हीकडे घाई. कुठल्याही गोष्टीला 'चालशे, चालशे' म्हणायचे. नव्व्याण्णव साली त्यांनी ठरवलं, कागद बंद. प्रवेश मागणाऱ्या मुलींची माहिती शाळांतल्या शिक्षकांनी फोनवर सांगायची किंवा आम्ही जाऊन विचारून यायची, आणि थेट वेब-पेजवर भरायची. मुंबईच्या कमिटीनं तिथेच बघून निवड करायची. सर्व्हर मुंबईला, आम्ही इथून एसटीडी लावून जोडायचो. प्रोग्राम मास्तरांनी लिहिला होता, मला शिकवत शिकवत.

कागद बंद झाले तरी मास्तरांचं रजिस्टर बंद झालं नाही. लांब, कापडी पुठ्ठ्याचं, रेल्वेतल्यासारखं. जे जे बदललं ते ते त्यात वेळेसकट लिहायचं: कुठली मुलगी आली, तिची सगळी माहिती, काय दुरुस्त झालं, काय काढलं. नुसतं पाहिलेलं लिहायचं नाही. चुकलं तर खाडाखोड नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. मॅनेजर म्हणाले, मास्तर, कागद बंद केले ना आपण, हे काय? मास्तर म्हणाले, "चारशे पाच."

हे चारशे पाच म्हणजे त्यांचं ब्रह्मास्त्र. सर्व्हरकडे चुकीच्या पद्धतीनं काही मागितलं तर तो हा आकडा पाठवतो. वस्तू आहे, पण अशी मागता येणार नाही. आणि नियम असा की चारशे पाच म्हणणाऱ्यानं कुठल्या पद्धती चालतील त्याची यादी सोबत द्यायलाच पाहिजे. मास्तर त्या नियमावर फिदा होते. मॅनेजरना त्यांनी लगेच यादी दिली: रजिस्टर तुमच्या कपाटात ठेवता येईल, माझ्या घरी ठेवता येईल, जेवणाच्या सुट्टीत लिहिता येईल, बंद करता येणार नाही. मॅनेजर 'चालशे' म्हणून निघून गेले.

एकदा माझ्या दाखल्यासाठी ते माझ्याबरोबर एका सरकारी खिडकीवर आले होते. आतला माणूस वर न बघता 'होणार नाही' म्हणाला. मी वळलेच होते. आमच्याकडे 'होणार नाही' ऐकलं की माणसं वळतात, सवयच असते. मास्तर हलले नाहीत. नुसतं 'नाही' म्हणता येत नाही, काय चालेल ते सांगा, असं शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मागची रांग आधी चिडली, मग तीही म्हणायला लागली, सांगा की हो साहेब. दोन वाजता त्या माणसानं एका चिठोऱ्यावर तीन कागदांची नावं लिहून दिली. पुढच्या आठवड्यात पाहते तर तीच यादी खिडकीवर चिकटवलेली. मास्तरांच्या शेजारी रांगेत उभं राहून मी बाकी काही शिकले नसेन, पण न वळणं शिकले.

पोस्ट आणि पुट यांतला फरक ते खाटांवरून शिकवायचे. 'सात नंबरच्या खाटेवर हिला ठेवा' हे दहादा सांगा, खाट तीच, मुलगी तीच, ते पुट. 'हिला आत घ्या' हे दोनदा सांगा, मुली दोन होतात, ते पोस्ट. आम्हाला हे बोलण्यापुरतं वाटायचं. मग एकदा पेज हलेना म्हणून मॅनेजरनी बटण दोनदा दाबलं आणि उधव्याकडची एक मुलगी दोनदा नोंदली गेली. हुशार होती, कमिटीनं दोघींनाही निवडलं. चौदा आणि एकतीस, अशा दोन खाटा तिच्या नावानं आल्या. बापाबरोबर आली तेव्हा मी तिला विचारलं, दोन खाटांचं काय करशील? म्हणाली, एक माझी, एक पेटीला. मास्तर त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आता माझ्याकडचं सांगते. हे सांगायला मी इतकी वर्षं घेतली.

नाव काढायचं असलं तर मास्तरांच्या प्रोग्राममध्ये बटण होतं. ते दाबलं की दुसरं पान, तिथे मुलीचं नाव स्वतः टाइप करायचं, मग 'होय, काढा'. मॅनेजरना ही कटकट वाटायची. दोन हजार सालच्या मे महिन्यातला एक गुरुवार, मास्तर बहिणीकडे बोर्डीला गेले होते. मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, प्रत्येक नावाखाली साधी 'काढा' अशी लिंक करून टाक ना, एका क्लिकवर काम होईल. लिंक म्हणजे गेट. लिंक म्हणजे 'दाखवा'. दाखवा म्हटल्यावर काही पुसलं जाता कामा नये, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला जमतं, हे दाखवायचं होतं. मास्तरांशिवाय जमतं. दहा मिनिटांत करून दिलं आणि मॅनेजर 'वाह' म्हणाले.

शुक्रवारी मास्तर पिशवीभर चिकू घेऊन आले. कॉम्प्युटरसमोर बसले, थोडा वेळ काहीतरी वाचलं, आणि रजिस्टर उघडून मला विचारलं, काल प्रोग्राममध्ये काही बदललं का?

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी पेन उचललं, काहीतरी लिहिलं आणि मला चिकू दिला.

दहा दिवसांनी घात झाला. त्या काळात फोनच्या बिलाच्या भीतीनं लोक एक युक्ती करत. एक सॉफ्टवेअर मिळायचं, ते चालू केलं की एका पानावरच्या सगळ्या लिंकांवर आपण होऊन जायचं आणि सगळी पानं आपल्या कॉम्प्युटरवर आणून ठेवायचं. मग फोन तोडून निवांत वाचा. मॅनेजरनी ते आणलं आणि सोमवारी दुपारी आपल्या केबिनमधून आमच्या पेजवर चालवलं. कमिटी शनिवारी बसायची होती, त्याआधी यादी घरी नेऊन वाचावी, एवढाच त्यांचा हेतू. सॉफ्टवेअर बिचारं प्रत्येक लिंकवर गेलं. प्रत्येक मुलीखाली 'काढा'ची लिंक होती. तिच्यावरही गेलं.

मंगळवारी सकाळी मी पेज उघडलं तर यादी रिकामी. एकशे त्रेसष्ट मुली. ज्या खाटेवर झोपून मी अभ्यास केला तिच्यावर यांच्यातली एखादी झोपायची होती, आणि मी त्यांना दहा मिनिटांत पुसायची सोय करून ठेवली होती. फ्लॉपीवर प्रत होती, ती पहिल्या आठवड्यातली, दहा-बारा नावांची. मॅनेजर धावत आले आणि आल्या आल्या माझ्यावर बोट ठेवलं. भरायला तूच बसतेस, तूच काहीतरी दाबलंस, आता मुंबईला काय तोंड दाखवू. मला समोर मामाचं अंगण दिसायला लागलं.

कुणी कधी काय मागितलं याची सर्व्हर ठेवतो ती नोंद मास्तरांनी उतरवून घेतली आणि छापली. प्रिंटर कितीतरी वेळ करकरत होता. मग त्यांनी कागद मॅनेजरांच्या पुढे पसरला आणि एकेका ओळीवर पट्टी ठेवली. गेट, काढा, पहिली मुलगी. दोन सेकंदांनी गेट, काढा, दुसरी. तिसरी. सगळं सोमवारी दुपारी, आणि सोमवारी दुपारी ही बाई तलासरीहून परतणाऱ्या एसटीत होती, तिकीट रजिस्टरात लावलंय. मागणी आली ती तुमच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून.

मास्तरांनी सुतळीचा गठ्ठा उघडला आणि एक परिच्छेद मराठीत समजावला. ज्यानं फक्त 'दाखवा' म्हटलं त्यानं बाकीचे परिणाम मागितलेले नसतात, म्हणून त्यांबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही. तुमचा दोष नाही, असं त्यांनी मॅनेजरना स्वच्छ सांगितलं. दोष आहे तो दाखवायच्या वाटेवर पुसणं ठेवणाऱ्याचा.

ती वाट कुणी ठेवली, हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. निदान दोघांना होतं, असं मला तेव्हा वाटलं. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. तो जिवाचा आकांत करून बोलायचा क्षण होता आणि माझी दातखीळ बसली.

मास्तर म्हणाले, "प्रोग्राम माझ्या ताब्यात आहे. जबाबदारी माझी."

मॅनेजरना सुटल्यासारखं झालं. त्यांनी लगेच वाट काढली. मुंबईला लिहू, व्हायरस आला. त्या वर्षी सगळीकडे व्हायरस येतच होते, कोण विचारणार? मास्तर, तुम्ही सही करा, चालशे. मास्तर म्हणाले, चारशे पाच. आणि यादीत एकच गोष्ट दिली: जे घडलं ते लिहा, मी सही करतो. मॅनेजरांचा तोल गेला. जे घडलं ते लिहायचं म्हणजे त्यांच्या केबिनचाही उल्लेख आला. ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. मास्तरांनी डबा पिशवीत घातला, गठ्ठा घेतला, आणि रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. यात सगळ्या आहेत, एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

होत्याच सगळ्या. मी मंगळवार दुपारपासून टाइप करत सुटले. पहिली मुलगी, तिचं गाव, बापाचं नाव, मार्क. ज्या रजिस्टरला आम्ही हसलो त्याच्यातून एकेक पोरगी उठून परत यायला लागली. बुधवारी संध्याकाळी त्या शुक्रवारच्या पानावर आले. मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

'काल प्रोग्राम बदलला. काढण्याचं बटण गेलं, लिंक आली. आज विचारलं. उत्तर: नाही. उत्तर मान्य. जबाबदार: मी.' खाली सही, वेळ दहा वाजून वीस.

खोटं कशाला बोलू, आधी मला राग आला. भयंकर राग. माहीत होतं तर दहा दिवस गप्प का बसलात? आणि मग तो राग जिथे जायला हवा होता तिथे गेला.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत एकशे त्रेसष्ट पूर्ण झाल्या. 'काढा'ची लिंक मी स्वतः काढून बटण परत बसवलं होतं. शुक्रवारी मॅनेजर म्हणाले, शाबास, आता पत्र टाइप कर. मधे व्हायरस आला होता, यादी पुन्हा भरली आहे. तूच सही कर, भरणारी तू. माझे हात कीबोर्डवर होते. आईचा आवाज ऐकू येत होता.

"चारशे पाच," मी म्हणाले.

मी यादी दिली, कारण नुसतं 'नाही' म्हणता येत नाही. लिंक मी केली असं लिहिता येईल. तुम्ही सांगितलीत असं लिहिता येईल किंवा वगळता येईल, ते तुम्ही ठरवा. मास्तरांनी केली असं लिहिता येणार नाही. व्हायरस लिहिता येणार नाही. मला काढायचं असेल तर काढता येईल, पण पत्र हेच जाईल.

मी टाइप केलं. त्यांनी कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला, खुर्चीत बसून पुन्हा वाचला. मग माझ्या वाक्याखाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली की लिंक माझ्या सांगण्यावरून झाली, आणि सही केली. "चालशे," म्हणाले. तो शब्द इतका जड झालेला मी कधी ऐकला नव्हता.

नोकरी राहिली. मुंबईचं उत्तर आठवड्यानं आलं, चार ओळींचं, पुढे काळजी घ्या अशा अर्थाचं. मुली जूनमध्ये आल्या. मॅनेजर स्वतः मास्तरांना बोलवायला गेले, पण मास्तर आले नाहीत. घरच्या ओट्यावर शिकवायला लागले आणि शेवटपर्यंत तेच केलं. पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी रजिस्टर छातीशी धरून जवळच्याच आगर गावी त्यांच्या घरी गेले. फाटकातून 'आहेत का?' विचारत बसले नाही, सरळ आत गेले.

ते ओट्यावर बसले होते. मी ते पान उघडून समोर धरलं आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं, मग बदललं का नाहीत?

त्यांनी पानावरची आपली सही पाहिली. मग म्हणाले, "साहेबांच्या गाडीला मी लाइन दिली नाही. तुमच्या 'नाही'ला दिली. खात्री नव्हती, तरी दिली. लिंक काढली तर तुमचं उत्तर खोटं असं लिहावं लागलं असतं, त्याला हात धजला नाही, बाई. ती चूक माझी आहे, म्हणून सही माझी आहे."

त्यांच्या खिशातलं लाल पेन मी न विचारता काढून घेतलं. 'उत्तर: नाही' यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं, 'उत्तर: होय, बदललं.' मग 'जबाबदार: मी' मधल्या 'मी'वर रेघ मारली आणि माझं नाव लिहिलं, आडनावासकट. ते हात पुढे करून म्हणाले, अहो, ती नोंद माझी आहे. मी म्हणाले, असेल, पण चूक माझी आहे. सही केली आणि रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग खिशातून तो घड्या पडलेला कागद काढला. त्यावर मोजके नंबर उरले होते.

"अडुसष्ट," म्हणाले. "लिहून घ्या."

मी लिहून घेतलं, आणि पुढे वेळ टाकली. पाच वाजून दहा मिनिटं.